धागा : नवरा-बायकोचं शरीरसुख – पवित्र शास्त्र (बायबल) नेमकं काय म्हणतं?

पंचगंगेकाठची

सर्वांना सलाम. विषय नाजूक आहे, पण कुणी बोलतच नाही म्हणून इथं मांडते. मी कोल्हापूरची. आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लग्न ठरलेल्या मुलींना चार गोष्टी सांगायचं काम यंदा माझ्याकडं आलंय. आधी हे काम वयस्कर बायका करायच्या आणि त्यात सासरी कसं वागावं, कौटुंबिक प्रार्थना कशी ठेवावी, पैसा कसा जपावा एवढंच असायचं. रात्रीचा विषय आला की "ते आपोआप कळतं" म्हणून पुढं.

यावेळी एका मुलीनं सरळ विचारलं, "लग्नानंतर ते आवडलं तर पाप लागतं का?" आणि नुकतंच लग्न झालेल्या एकीनं नंतर बाजूला घेऊन सांगितलं की नवऱ्याजवळ गेल्यावर दर वेळी ती गुडघे टेकून क्षमा मागते. चांगला नवरा आहे, प्रेमळ आहे. तरी क्षमा! मला ते ऐकून फार वाईट वाटलं. लहानपणापासून तिनं शरीराबद्दल एकच उपदेश ऐकलाय, जारकर्म (लग्नाबाहेरचा संबंध) करू नको. तो बरोबरच आहे. पण लग्नाच्या आतलं काय, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

माझं मत पक्कं आहे की देवानं हे सुख दिलंय आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण मुलींपुढं नुसतं माझं मत ठेवून चालणार नाही, वचन लागेल. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मूल नको असताना नवरा-बायकोनं फक्त आनंदासाठी जवळ यावं का? प्रभूभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) आदल्या रात्री वेगळं झोपायचं, अशी आमच्याकडं काही घरांत रीत आहे, तिला शास्त्रात आधार आहे का? आणि १ करिंथ ७, म्हणजे प्रेषित पौलाच्या पत्रामधलं 'पत्नीला स्वतःच्या शरीरावर अधिकार नाही' हे बायकांवर काठीसारखं उगारलं जातं, त्याला काय उत्तर द्यायचं?

मिरजेची_मावशी

बाई, तू विचारलंस याचाच आनंद झाला. शाळेत आणि नंतर महिला संघात पुष्कळ वर्षं पवित्र शास्त्र शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासूनच कर. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी आदाम आणि हव्वा एकदेह होतात, उघडी असतात आणि त्यांना लाज वाटत नाही. पाप येतं तिसऱ्या अध्यायात. म्हणजे नवरा-बायकोची जवळीक पापाच्या आधीची, देवानं सगळं पाहून 'फार चांगलं' म्हटलं त्या सृष्टीतली. आदाम-हव्वेचं पाप म्हणजे शरीरसंबंध, असं आपल्याकडं कितीतरी लोक समजून चालतात. शास्त्रात तसं कुठंही नाही. पाप आज्ञाभंगाचं होतं. हा एक गैरसमज काढलास तरी त्या पोरीचं निम्मं ओझं उतरेल.

मग नीतिसूत्रे ५. बाप मुलाला परस्त्रीपासून सावध करतो. पण तेवढ्यावर थांबत नाही, पुढं म्हणतो की आपल्या तारुण्यातल्या पत्नीसोबत आनंद कर, तिच्या वक्षांनी सदा तृप्त हो, तिच्या प्रेमात गुंगून जा. अठरा-एकोणीस ही वचनं. आपण पहिला भाग उपासनेत वाचतो आणि इथं आलो की पुस्तक मिटतो. बापानं मुलाला इतकं उघड सांगितलंय, तर आपण आपल्या लेकीला का सांगू नये?

अनुवाद या नियमशास्त्राच्या पुस्तकातलं २४:५ तर मला फार आवडतं. नवीन लग्न झालेल्या पुरुषाला एक वर्ष लढाईवर पाठवायचं नाही, त्याच्यावर दुसरी कामगिरी टाकायची नाही, त्यानं घरी राहून आपल्या बायकोला आनंदी करावं. बायकोला आनंदी करणं हे नियमशास्त्रात लिहिलेलं काम आहे! आणि निर्गम २१:१० पाहा. दासी म्हणून आणलेल्या स्त्रीशी लग्न केलं आणि नंतर दुसरी केली, तरी पहिलीचं अन्न, वस्त्र आणि वैवाहिक हक्क कमी करायचा नाही. त्या जुन्या काळात, इतक्या दुबळ्या स्थितीतल्या बाईचासुद्धा हा हक्क धरलेला आहे.

मूल आणि आनंद यांबद्दल विचारलंस. गीतरत्न हे शास्त्रातलं प्रेमकाव्य, त्याचे आठही अध्याय वाच. त्या दोघांना मूल व्हावं असा एक शब्द नाही. ती दोघं एकमेकांना पाहतात, हाक मारतात, शोधतात, डोळ्यांपासून पायांपर्यंत एकमेकांचं कौतुक करतात. आणि पहिली बोलते ती बाई. त्याच्या मुखाच्या चुंबनांनी माझं चुंबन घ्यावं, असं तीच म्हणते. इच्छा फक्त पुरुषाला असते आणि बाईनं सोसायचं असतं, हे आपल्या घराघरात बसलेलं खूळ शास्त्रातलं नव्हे.

मुलं ही देवाची देणगी आहेतच, स्तोत्र १२७ आहे. पण अब्राहामाची बायको साराबाई म्हातारपणी मुलाचं वचन ऐकून हसली, तेव्हा तिच्या मनात पहिलं आलं ते, आता या वयात मला सुख मिळेल का? आणि इसहाक गरारात रिबकेला बहीण म्हणून सांगत होता, तेव्हा अबीमलेखानं खिडकीतून काय पाहिलं? इसहाक तिच्याशी लाडीगोडी करत होता. ते पाहूनच राजानं ओळखलं की ही याची बायको. हे सगळं आपल्याच ग्रंथात आहे गं.

ऊसपट्टा

मावशींचा मान ठेवून लिहितो. आमच्या गावच्या मंडळीत गीतरत्न म्हणजे ख्रिस्त आणि मंडळी यांची प्रीती, असंच शिकवलं गेलं. माझे वडील पुष्कळ वर्षं मंडळीच्या कारभारी वडीलमंडळात होते, त्यांनीही तेच शिकवलं. ते शरीराच्या पातळीवर आणलं की पावित्र्य कमी होतं असं मला मनापासून वाटतं. शिवाय पौलानं अविवाहित राहणं बरं म्हटलंय. शरीरसुखाला इतकं उचलून धरलं तर उद्या तरुण पोरं लग्नाआधीच गीतरत्नाचा दाखला देतील.

शाहूपुरी_वाचक

दादा, तुमची काळजी खरी आहे. मी तिला टाळत नाही, पण आधी हा विचार आपल्यापर्यंत कुठून आला ते पाहू.

गीतरत्नाचा आध्यात्मिक अर्थ फार जुना. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानानं तो मांडला. बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या मठाधिपती बर्नार्डनं या पुस्तकावर ८६ प्रवचनं केली आणि तरी तो तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच होता. त्या परंपरेत भक्तीचं मोठं धन आहे. पण तिच्याबरोबर ग्रीक विचारातली एक सावलीही आली, की आत्मा चांगला आणि शरीर हलकं. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम यानं ३९३ मध्ये, लग्न आणि ब्रह्मचर्य सारखंच म्हणणाऱ्या जोविनियनविरुद्ध लिहिताना ब्रह्मचर्याला इतकं वर चढवलं की रोममधले त्याचे मित्रही अस्वस्थ झाले. त्याच काळातल्या बिशप ऑगस्टीननं लग्नाला वाईट म्हटलं नाही. अपत्य, एकनिष्ठा आणि अतूट बंधन ही लग्नाची तीन भली फळं, असं त्यानंच सांगितलं. पण मूल होण्याचा हेतू नसताना पत्नीजवळ जाणं हा क्षम्य का असेना, दोष आहे असं त्याचं मत होतं. ती मुलगी गुडघे टेकून क्षमा मागते ना, तिच्यापर्यंत हीच सावली पोचली असावी. तिनं ऑगस्टीनचं नावही ऐकलं नसेल.

दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे आणि ती कुणी सांगत नाही. चौथ्या शतकात गंग्रा इथं (आजच्या तुर्कस्तानात) बिशपांची परिषद भरली होती. त्या भागात काही अतिकडक लोक लग्नालाच अपवित्र मानत होते. परिषदेचा पहिलाच नियम असा, की जो लग्नाला दोष देतो, किंवा आपल्या नवऱ्याजवळ झोपणाऱ्या श्रद्धावान स्त्रीला तुच्छ मानून ती देवराज्यात जाऊ शकत नाही म्हणतो, तो शापित असो. ताई, त्या मुलीला हा नियम वाचून दाखवा! धर्मपंडित थॉमस अक्विनासनं तेराव्या शतकात लिहिलं की पाप झालं नसतं तर एदेनमध्ये हे सुख कमी नव्हे, उलट जास्तच असतं, कारण तिथं माणसाचा स्वभाव जास्त निर्मळ आणि शरीर जास्त संवेदनशील असतं. प्रोटेस्टंट सुधारणेचा जनक ल्यूथर मठवासी होता. १५२५ मध्ये त्यानं काटारीना फॉन बोराशी लग्न केलं आणि संसार हीसुद्धा देवाची सेवा आहे हे जगून दाखवलं.

आता तुमचा मुद्दा. इफिस ५ मध्ये पौल 'ती दोघं एकदेह होतील' हे उत्पत्तीतलंच वचन घेतो आणि ख्रिस्त व मंडळीकडं बोट दाखवतो. म्हणजे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. उलट विचार करा. नवरा-बायकोचं प्रेम मुळात घाणेरडं असतं, तर पवित्र आत्म्यानं ख्रिस्ताच्या प्रीतीसाठी तेच चित्र का निवडलं असतं?

पौल अविवाहित राहणं बरं म्हणतो, हे खरं. पण 'स्त्रीला स्पर्श न करणं बरं' हे शब्द करिंथकरांनी त्याला पाठवलेल्या पत्रातले आहेत असं अनेक अभ्यासक मानतात, आणि लगेच पुढच्याच वचनापासून तो नवरा-बायकोला एकमेकांपासून दूर राहू नका असं सांगू लागतो. १ तीमथ्य ४ मध्ये तर लग्नाला मनाई करणाऱ्या शिकवणीला त्यानं भुतांची शिकवण म्हटलंय. याहून कडक शब्द कोणता?

आणि तरुण पोरांची काळजी गीतरत्नालाच आहे. 'प्रेमाला त्याची इच्छा होईपर्यंत जागवू नका' अशी शपथ त्यात तीनदा घातली आहे, २:७, ३:५ आणि ८:४. पूर्ण वाचलं तर ते पोरांना आवरणारंच पुस्तक आहे.

वसईकर_कोल्हापुरात

मी कॅथलिक, नोकरीमुळं इकडं. आमच्या बाजूचं थोडं सांगतो, कारण 'कॅथलिक म्हणजे फक्त मुलांसाठी' असा समज फार आहे. पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये सुईणींपुढं केलेल्या भाषणात स्पष्ट सांगितलं होतं, की या कृतीत पती-पत्नीला शरीराचं आणि मनाचं सुख मिळावं ही निर्मात्याचीच योजना आहे, ते सुख शोधण्यात आणि भोगण्यात वाईट काही नाही. हे आमच्या धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातही उतरलंय. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या सभांमध्ये मानवी शरीर आणि विवाह यावर १२९ भाषणं दिली.

फरक आहे तो संततिनियमनात. १९६८ च्या पोप पॉल सहावे यांच्या पत्रानुसार जोडप्याची एकरूपता आणि अपत्यासाठीचा मोकळेपणा यांची ताटातूट करायची नाही, म्हणून कृत्रिम साधनं आम्हाला चालत नाहीत. पण महिन्यातले गर्भ न राहणारे दिवस पाहून जवळ येणं चालतं. म्हणजे मूल होणार नाही हे माहीत असूनही जवळ येणं दोषाचं नाही. अँग्लिकन बिशपांनी १९३० च्या लॅम्बेथ परिषदेत साधनांना मर्यादित परवानगी दिली आणि पुढं बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या त्याच वाटेनं गेल्या. तुमच्या मुलींना हा फरक सांगून ठेवा. आंतरपंथीय लग्नं आता बरीच होतात आणि हा विषय पहिल्या वर्षातच निघतो.

कळंबा_रोड

सगळं वाचलं. पण ताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर मला बोलायचंय. वचन स्पष्ट आहे, पत्नीला स्वतःच्या शरीरावर अधिकार नाही. मग बायकोनं रोज नाही म्हटलं तर ते वचनाविरुद्धच झालं ना? नवऱ्यानं बाहेर जायचं का? मंडळीत नवऱ्यांना सगळे उपदेश करतात, बायकांना कुणी सांगत नाही. मी वाईट माणूस नाही. घरात मन लागत नाही म्हणून लिहितोय.

पंचगंगेकाठची

दादा, मोकळं लिहिलंत ते बरं केलंत. वचन पूर्ण वाचूया. त्याच वाक्यात पुढं आहे की पतीलाही स्वतःच्या शरीरावर अधिकार नाही, तो पत्नीला आहे. त्या काळच्या रोमी घरात बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा हक्क आहे, यात कुणाला काही नवं वाटलं नसतं. नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा हक्क, हे ऐकून लोक दचकले असतील. तुमच्या शरीरावर तिचा अधिकार आहे, तर आज तुमच्या शरीरानं थांबावं हे सांगायचाही तिला अधिकार आहे.

आणि तिसरं वचन पाहा. पतीनं पत्नीला तिचं देणं द्यावं, पत्नीनं पतीला द्यावं. दोघांनाही 'द्या' म्हटलंय. 'घ्या' कुणालाच म्हटलेलं नाही. पाचव्या वचनात दूर राहायचं तेही परस्पर संमतीनं. दूर राहायला संमती लागते, मग जवळ यायला नाही लागत?

मिरजेची_मावशी

कळंबा रोडच्या भावा, गीतरत्नाचा पाचवा अध्याय वाच. तो रात्री दाराशी येतो, केस दवानं भिजलेले, हाक मारतो. ती म्हणते मी अंगरखा काढून ठेवलाय, पाय धुतलेत, आता परत कशी उठू? तो दार फोडत नाही. दाराच्या फटीतून नुसता हात घालतो. तेवढ्यानं तिचंच काळीज हलतं, ती उठून दार उघडते, पण तो निघून गेलेला असतो, आणि ती त्याला शोधायला रस्त्यावर येते. त्याच्या थांबण्यातून तिची ओढ जागी झाली. १ पेत्र ३:७ मध्ये तर नवऱ्यांना बजावलंय की बायकोशी समजून-उमजून वागा, मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल. बायकोला रडवून केलेली प्रार्थना वर पोचत नाही, असंच मी त्याचं वाचन करते.

जबरदस्तीबद्दल एक सांगायलाच हवं. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळही धरलेला आहे. कुणा मुलीवर ती वेळ आली तर 'सहन कर, प्रार्थना कर' एवढंच सांगून तिला परत पाठवू नका. मंडळीनं तिच्या बाजूनं उभं राहिलं पाहिजे.

कळंबा_रोड

जबरदस्ती मी कधी केली नाही, करणारही नाही. पण मग करायचं काय? धाकटा आता चार महिन्यांचा आहे. ती जवळच येऊ देत नाही. विचारलं तर 'दुखतं' म्हणते, नाहीतर गप्प बसते.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, प्रसूती विभागात. दादा, हे चार शब्द महत्त्वाचे आहेत, 'धाकटा आता चार महिन्यांचा'. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळं योनीमार्ग कोरडा पडतो आणि खरंच दुखतं. टाके असतील तर आणखी. झोप नाही, त्यात पुन्हा दिवस जातील ही भीती. याचा अर्थ तिचं प्रेम आटलं असा नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडं दोघं मिळून जा. कोरडेपणावर साधे उपाय आहेत, पाळणा लांबवायची साधनं अंगावर पाजताना चालणारीही आहेत. मूड सतत उदास असेल, रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर उपचार आहेत.

मुलींनाही हे सांगा. पहिल्यांदा थोडं अवघडलेपण असू शकतं, पण दर वेळी दुखणं हे बाईच्या वाट्याचं भोगणं नाही, तो आजार असू शकतो आणि तो बरा होऊ शकतो. काहींचे स्नायू भीतीनं आपोआप आवळले जातात, त्यावरही उपचार आहेत. बहुतेक बायकांना नुसत्या संबंधानं पूर्ण सुख मिळत नाही, त्याआधी आणि बाहेरून स्पर्श लागतो, वेळ लागतो. हे नवऱ्याला माहीत नसतं आणि बायकोला बोलता येत नाही. पुरुषांना ताठरता येत नसेल तर लपवू नका, मधुमेह आणि रक्तदाब तपासून घ्या. कित्येकदा मधुमेह त्यातूनच उघडकीला येतो.

आणि घर! आपल्या पेठांमधल्या दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, दीर, पोरं. नवीन जोडप्याला दार लावायला जागा नाही. अनुवाद २४ चं ते एक वर्ष द्यायचं असेल, तर सासवांनी आधी एक खोली मोकळी करावी.

शेजारीण

मी ख्रिस्ती नाही, मैत्रिणीनं धागा पाठवला. आमच्यात धर्म, अर्थ, काम, मोक्ष म्हणतात, काम हा चारातला एक पुरुषार्थ. तरी घरात बोलायचं म्हटलं की तुमच्यासारखीच चिडीचूप. एक विचारू का? पाळीच्या दिवसांचं तुमच्याकडं काय?

शाहूपुरी_वाचक

ताई, या धाग्यात तुमचं स्वागत आहे. लेवीय हे जुन्या नियमांचं पुस्तक, त्याच्या १८ व्या अध्यायात त्या दिवसांत संबंध नको असं आहे, आणि १५ व्यात तसं झालं तर पुरुष अशुद्ध होतो असं आहे. ख्रिस्ती लोक त्या शुद्धाशुद्धतेच्या नियमांखाली नाहीत असं बहुतेक मंडळ्या मानतात, काही जण मात्र तो नियम आजही पाळतात. येशूनं बारा वर्षं रक्तस्राव असलेल्या बाईचा स्पर्श विटाळ मानला नाही, तिला 'मुली' म्हणून हाक मारली. म्हणून बाई त्या दिवसांत अपवित्र असते असं आम्ही म्हणू नये. जवळ यायचं की नाही, हे तिच्या त्रासावर आणि दोघांच्या मनावर.

यावरूनच प्रभूभोजनाच्या आदल्या रात्रीचं उत्तर देतो. सीनाय पर्वतापाशी, देव दर्शन देणार म्हणून, लोकांना तिसऱ्या दिवसासाठी तयार राहा, स्त्रीजवळ जाऊ नका असं सांगितलं होतं, ते निर्गम १९:१५. मध्ययुगात चर्चनं रविवार, लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ), सणांचे दिवस अशी बंदीची लांबलचक यादीच केली होती. नव्या करारात अशी आज्ञा नाही. आहे ती १ करिंथ ७:५, प्रार्थनेसाठी, दोघांच्या संमतीनं, काही काळ, आणि मग पुन्हा एकत्र या. कुणाला पाळायचं असेल तर पाळू द्या. पण न पाळणाऱ्यानं प्रभूभोजन अपवित्र केलं, असं सांगण्याचा हक्क कुणाला नाही. इब्री १३:४ अंथरुणाला निर्मळ म्हणतं.

ऊसपट्टा

निर्मळ म्हटलं म्हणून काहीही चालतं का? आजकाल मोबाइलवर नको ते बघून पोरं बायकोकडून तेच मागतात. हे माझ्या कानावर आलंय, म्हणून माझा विरोध होता.

मिरजेची_मावशी

दादा, इथं मी पूर्ण तुमच्या बाजूची. त्याच वचनात जारकर्मी आणि व्यभिचारी यांचा न्याय देव करील असंही आहे. नवरा-बायकोत तिसरं माणूस नको, ते पडद्यावरचंही नको. मत्तय ५:२८ मध्ये प्रभू नजरेपर्यंत गेला. दुसऱ्याला दुखवणारं, हलकं लेखणारं काही नको, जे एकाला नको ते दोघांनाही नको. याच्या आत काय करावं, काय करू नये याची यादी शास्त्रानं दिलेली नाही, आणि ती यादी आपणही करू नये.

पंचगंगेकाठची

खूप बळ मिळालं. पाळकांशी (पास्टरांशी) बोलले, ते तयार आहेत. पहिल्या दिवशी मुलींबरोबर उत्पत्ती २, नीतिसूत्रे ५ आणि गंग्राचा नियम. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीताईंसारखी कुणी परिचारिका बोलवायची आणि मुलींना चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न लिहू द्यायचे. त्या नवविवाहित मुलीशी कालच बोलले. तिनं उत्पत्ती १:३१ स्वतः मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "सगळं म्हणजे हे पण?" मी हो म्हटलं. मुलग्यांच्या वर्गाला मात्र अजून कुणी मिळालं नाही.

ऊसपट्टा

मुलग्यांचा वर्ग मी घेतो. नीतिसूत्रे ५ बापानं मुलाला सांगितलंय, तर ते पुरुषानंच शिकवावं. गीतरत्नाचं मावशींनी आधी माझ्याकडून एकदा वाचून घ्यावं, पुढच्या शनिवारी मी मिरजेला येतो.

कळंबा_रोड

आम्ही सोमवारची वेळ घेतली आहे डॉक्टरांची. ती येते म्हणाली. दादा, वर्ग कधी आहे ते इथं कळवा, मीही बसेन.